मागाहून सगळ्यांना दिसतं

९ जानेवारी २०२५

मुलुंडच्या हॉस्पिटलने होकार दिला. वॉर्डात आमचं मशीन लावू देणार आहेत. कॉलेज सुटल्यापासून मी रोजनिशी लिहिली नव्हती. आजपासून परत लिहायची, कारण उद्या कोणी विचारलं की हे सगळं सुरू कसं झालं, तर मला नीट आठवलं पाहिजे.

गार्गी मॅडम तिथल्या बालरोगतज्ज्ञ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आधी माझ्या पार्टनरने, दिशाने, पट्टी दाखवली. ती गादीखाली सरकवायची, बाळाच्या अंगाला काहीच चिकटवायचं नाही. श्वासाने गादी जेवढी हलते तेवढं पट्टीला कळतं. मग मी माझा भाग सांगितला. पट्टीचा सिग्नल गढूळ असतो. त्यात हृदयाचे ठोके असतात, पंख्याची थरथर असते, कोणी पलंगाला टेकलं तर त्याचा धक्का असतो. माझा प्रोग्रॅम ते सगळं गाळतो आणि श्वास थांबला की अलार्म देतो. जुन्या रेकॉर्डिंगवर त्याने एकही थांबलेला श्वास सोडलेला नाही. मुदतीआधी जन्मलेली बाळं मधूनच श्वास घ्यायची थांबतात, हे मॅडमना मी सांगायची गरज नव्हती. बाळ जरा सुधारलं की काचेच्या पेटीतून काढून आईजवळ देतात, मॉनिटरही काढतात. आमचं मशीन तिथे बसेल.

मॅडम प्रश्न विचारत होत्या. रेकॉर्डिंग कुठली, कोणी तपासली, चालू वापरात किती वेळ चालवलंय. तेव्हा मी ताईची गोष्ट सांगितली. माझी मोठी बहीण नमिता, तिचं बाळ सातव्या महिन्यात झालेलं, तीन वर्षांपूर्वी असंच गेलं. तिच्या शेजारीच होतं. तिचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा उशीर झाला होता. "तेव्हा हे मशीन असतं तर आज मला भाचा असता," असं मी म्हटलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. होकार तिथेच झाला.

रिक्षात दिशा म्हणाली, "तू हे सगळीकडे सांगतोस ते नमिताताईला माहितेय?"

"आमच्या घरातलीच गोष्ट आहे गं."

ती बाहेर बघत बसली. तिला लोकांपुढे बोलायची सवय नाही अजून. कॉलेजपासून तशीच आहे, हातात सोल्डरिंग गन असली की खूश.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "चांगला झाला, देवाला नारळ दे." ताई सुकट निवडत होती, तिने मान वर केली नाही. सगळ्यात जास्त आनंद तिला होईल असं मला वाटलं होतं. मी हे करतोय ते तिच्यासाठीच तर करतोय.

१४ जानेवारी

दिशा घाटकोपरहून तिळाचे लाडू घेऊन आली. आमचा गाळा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पहिल्या मजल्यावर. खाली खोके बनवायचा कारखाना आहे, दिवसभर धडधड चालू असते. लाडू खाऊन झाल्यावर तिने बोर्डवर इंजिनिअरिंगच्या पुस्तकातला पहिला धडा लिहून काढला. सिस्टिमला विचारायचे पाच प्रश्न. लिनियर आहे का, म्हणजे इनपुट दुप्पट केला तर आउटपुटही दुप्पट होतो का? वेळेनुसार बदलते का, की आज आणि उद्या सारखीच वागते? मागचं लक्षात ठेवते का? स्टेबल आहे का? आणि कॉझल आहे का, म्हणजे आत्ताचं उत्तर द्यायला पुढे काय येणार आहे ते आधी कळावं लागत नाही ना?

"यार दिशा, आपण काय जर्नल पूर्ण करतोय का?"

"तुझ्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक ब्लॉकला हे विचारून बघू ना. एक दुपार जाईल फक्त."

हे प्रश्न मी परीक्षेत डोळे मिटून सोडवलेत. व्याख्या लिहायची, एक ओळ गणित करायचं, खाली "म्हणून सिस्टिम लिनियर आहे" असं लिहून अधोरेखित करायचं, मार्क घ्यायचे. खऱ्या कामात कोणी असं बसत नाही.

तिने फिल्टरवर बोट ठेवलं. "हा तू उलटा पण फिरवतोस ना?"

फिरवतो. सिग्नल एकदा सुरुवातीकडून शेवटाकडे गाळायचा, एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे. त्यामुळे श्वासाची शिखरं जागच्या जागी राहतात आणि आलेख इतका स्वच्छ येतो की बघत राहावं.

"उलटा फिरायचं तर शेवट आधी माहीत पाहिजे."

"रेकॉर्डिंगला शेवट असतोच."

"चालू श्वासाला नसतो."

"म्हणून तर वॉर्डात मी तुकडे करणार आहे. तुकडा भरला की ते छोटं रेकॉर्डिंगच झालं."

दुसऱ्या ब्लॉककडे ती वळली तेव्हा मीच थांबवलं. तो ब्लॉक माझ्या डोक्यातून निघालेला आहे. बाळ अशक्त असो की गुटगुटीत, हालचाल लहान असो की मोठी, मी सगळं त्यातल्या सर्वांत मोठ्या हालचालीने भागतो, की आलेख कायम एकाच उंचीचा. ही युक्ती सापडली तेव्हापासून निकाल सुधारले. त्याला पुस्तकातले प्रश्न विचारायची काय गरज आहे?

हॉस्पिटलची माणसं गाळा बघायला येणार होती, म्हणून संध्याकाळी मी बोर्ड पुसला. दिशाने लाडवांचा रिकामा डबा पिशवीत टाकला.

२७ जानेवारी

आज टेबलावर चाचणी. दिशाने रबरी पिशवी आणि छोटा पंप जोडून खोटं बाळ केलं. पंप चालू, हिरवा दिवा. पंप बंद केला, अलार्म वाजला. जरा उशिरा वाजला, कारण तुकडा भरावा लागतो. पण वाजला. मी खालून वडापाव मागवले.

दिशा पिशवीकडे बघत होती. म्हणाली, "पंप थांबला की यातलं सगळंच थांबतं. बाळाचा श्वास थांबला तरी हृदय थांबत नाही, प्रज्योत."

"ठोके फिल्टर कमी करतो."

"कमी करतो. पुसून टाकतो का?"

तिला म्हटलं, तू मशीन बनवतेस की मशीनचं लग्न ठरवतेस, किती चौकशा करायच्या? ती हसली नाही. आणखी एक महिना टेबलावरच काम करू या म्हणाली. मी नाही म्हटलं. मुलुंडला तारीख दिलेली आहे.

३ फेब्रुवारी

मशीन लावलं.

ज्या पलंगावर लावलं तिथे श्रुतिका म्हणून एक मुलगी आहे, चोवीस-पंचवीसची असेल. मुलगी झालीय, मुदतीच्या दीड महिना आधी. बाळ एवढंसं आहे. टोपीत चेहरा हरवलाय. श्रुतिकाचे डोळे आत गेलेले. दर्शना सिस्टरने सांगितलं, ही रात्रंदिवस बाळाच्या छातीवर नजर लावून बसते, सांगितलं तरी पाठ टेकत नाही.

गार्गी मॅडमनी तिला समजावलं की हे अजून चाचणीतलं आहे, सिस्टरचे राउंड नेहमीसारखेच होतील, मशीनवर अवलंबून राहायचं नाही. तिने सही केली. मॅडम पुढच्या पलंगाकडे गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, "दादा, हे हिरवं आहे म्हणजे ती श्वास घेतेय ना?"

"हो. आता तू निर्धास्त झोप."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्या डोळ्यांदेखत उतरला. त्या क्षणासाठी मी दोन वर्षं काम केलं असं वाटलं. ताईला हे दाखवता आलं असतं तर.

घरी आल्यावर ताईला सांगितलंही, की आज एका आईला मी झोपायला सांगून आलो. ती उठून आत गेली. तिचं हे असंच चालू आहे. आई म्हणते, तिला नको सांगू. पण न बोलून जखम बरी होते का?

७ फेब्रुवारी

हिरवा. सगळं सुरळीत. दिशा रोज वॉर्डातला डेटा उतरवून घेते.

११ फेब्रुवारी

दुपारी गार्गी मॅडमचा फोन आला. बाळ वाचलंय, हे त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितलं. तरी ते मी त्यांना परत विचारलं.

दर्शना सिस्टर पलीकडच्या पलंगाची औषधं घेऊन चालली होती. जाता जाता तिची नजर गेली. बाळाचे ओठ काळपट दिसले. तिने तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, काही नाही. मग छोटा मास्क लावून पिशवी दाबून हवा दिली तेव्हा बाळ रडलं. परत काचेत नेलंय. मशीनचा दिवा तेव्हाही हिरवा होता. सिस्टरने हवा देताना तो बघितला आणि मग वायर उपटून टाकली.

दिशा आणि मी लगेच निघालो. वाटेत मी कारणं शोधत होतो. पट्टी सरकली असेल. गादी बदलली असेल. पलंगाला पंख्याची थरथर लागली असेल. श्रुतिका झोपली होती, हे मला मॅडमनी सांगितलं होतं. मी दिशाला म्हटलं, "आई जागी असती तर एवढं झालंच नसतं."

दिशाने माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाली, "तिला झोप असं कोणी सांगितलं?"

पट्टी सरकली नव्हती. जिथे लावली होती तिथेच होती.

१२ फेब्रुवारी

सकाळपासून गाळ्यात. खालचा कारखाना आज बंद होता, त्यामुळे फार शांत होतं.

दिशाने कालच्या दुपारचा डेटा लावला. पट्टीने पाठवलेला, मी न गाळलेला. त्यात सगळं स्पष्ट आहे. श्वासाच्या मोठ्या लाटा येतायत, येतायत, मग सपाट. सपाटमध्ये बारीक दातेरी रेघ, ती हृदयाची. शाळकरी पोरालाही बोट ठेवून दाखवता येईल की इथे श्वास थांबला. पट्टीने आपलं काम केलं होतं. दिशाचं काम बरोबर होतं.

मग तिने तोच डेटा माझ्या प्रोग्रॅममधून काढला. सपाट भाग गायब. तिथे सुंदर, एकाच उंचीच्या लाटा.

मी बघत बसलो. दिशाने खडू, म्हणजे बोर्डचा पेन, माझ्या हातात दिला. "तू कर," म्हणाली. "मी केलं तर तू वाद घालशील."

मी केलं. ब्लॉक दोन. इनपुट दुप्पट करा. सर्वांत मोठी हालचालही दुप्पट होते, भागाकार तोच येतो, आउटपुट तेवढाच राहतो. इनपुट दहावा हिस्सा करा. आउटपुट तेवढाच. शंभरावा करा. तेवढाच. म्हणून सिस्टिम लिनियर नाही. एका ओळीचं गणित. तिसऱ्या वर्षाला मी हे दोन मार्कांसाठी करायचो.

लिनियर नसणं हा काही गुन्हा नाही, अशी कितीतरी चांगली यंत्रं असतात. पण इथे त्याचा अर्थ असा, की श्वास मोठा असो, लहान असो की नसो, माझ्या प्रोग्रॅमला फरकच कळत नाही. तुकड्यात श्वास नव्हता. त्या तुकड्यातली सर्वांत मोठी हालचाल होती फिल्टरमधून उरलेला हृदयाचा ठोका. मी त्याला त्यानेच भागलं, ताणून श्वासाएवढं केलं आणि हिरवा दिवा लावला.

मग रेकॉर्डिंगवर का चाललं? तेही लिहिलं. तिथे मी पूर्ण रेकॉर्डिंगमधल्या मोठ्या हालचालीने भागत होतो. आधीचे आणि नंतरचे मोठे श्वास हिशेबात होते, त्यांच्यापुढे थांबलेला भाग लहान राहायचा, म्हणून दिसायचा. फिल्टरही शेवटाकडून मागे येत होता. म्हणजे पुढे काय झालं ते ठाऊक असताना माझा प्रोग्रॅम मागचं अचूक सांगत होता. कॉझल नाही. एकही ब्लॉक नाही. ज्या निकालांवर मी दोन वर्षं छाती फुगवून फिरलो ते सगळे झालेल्या गोष्टीचे होते. चालू गोष्टीवर मी ते कधी चालवून बघितलंच नव्हतं. टेबलावर फक्त ती पिशवी. तिला हृदय नव्हतं.

दिशा म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी

मी दिशाला म्हटलं, आधी दुरुस्त करू, मग जाऊन सांगू. चूक आणि उत्तर एकदम नेलं तर ते ऐकतील. दोन-तीन आठवडे.

"तोपर्यंत त्यांना काय वाटत राहील?"

"पट्टी सरकली असं."

"आणि श्रुतिकाबद्दल?"

 दिशाचे बाबा, राजारामकाका, गिरणीत होते. तिथे एकदा यंत्रात एकाचा हात गेला होता. दिशा म्हणाली, "मशीनचं पातं सैल आहे हे दोघातिघांना माहीत होतं. तरी रिपोर्टात आलं, कामगाराचं लक्ष नव्हतं. बाबा अजून त्या माणसाचं नाव घेतात तेव्हा खाली बघतात. उद्या तू आला नाहीस तर मी एकटी जाईन, प्रज्योत. मला तुला सोडून जायचं नाहीये. पण जाईन."

घरी आल्यावर मी जेवलो नाही. खरं सांगायचं तर अजूनही वाटतंय की उद्या सकाळी ताप यावा.

१४ फेब्रुवारी

ताप आला नाही. गेलो.

गार्गी मॅडमना आधी दाखवलं. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले, आणि समजायला त्यांना मला लागला त्यापेक्षा कमी वेळ लागला. रागावल्या नाहीत. रागावणं सोसलं असतं.

"मंजुरीवर सही माझीही आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी विचारत होते, चालू वापरात किती वेळ चालवलंय. आठवतंय? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. बहिणीची गोष्ट सांगितलीत. आणि मी विचारायची थांबले. मला थांबायला नको होतं."

मला आठवत होतं. तो प्रश्न मी इथे लिहूनही ठेवलाय, नऊ तारखेला. त्याला उत्तर दिलं नाही हे मात्र लिहिताना मला कळलं नव्हतं.

चाचणी बंद. हॉस्पिटलच्या कमिटीला त्या त्यांचं लिहिणार, मी माझं. "काहीही गाळू नका," म्हणाल्या.

मग मी म्हटलं, मला श्रुतिकाशी बोलायचंय. त्या स्वतः बरोबर आल्या.

ती पलंगावर बसली होती, बाळ आत काचेत, शेजारची जागा रिकामी. तिची सासू स्टुलावर. नवरा, निलेश, खिडकीपाशी उभा. आम्ही दारात पोहोचलो तेव्हा सासू बोलत होती, फार मोठ्याने नाही, रोजचं बोलावं तसं. "आम्ही पण पोरं वाढवली. भर दुपारी आईला झोप लागतेच कशी, ते मला कोणी सांगा." श्रुतिका चादरीची कड बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

पाठ केलेलं सगळं मी विसरलो. मी म्हटलं, "काकू, त्या झोपल्या म्हणून नाही झालं. मशीनने चुकीचं दाखवलं. श्वास थांबला होता तरी हिरवा लागला, कारण प्रोग्रॅम मी चुकीचा लिहिला होता. नीट न तपासता लावला. आणि त्यांना झोप असं मीच सांगितलं होतं."

 मग निलेश पुढे आला. "म्हणजे लाईट खोटा होता?"

"हो."

"आणि तुम्ही तिला सांगितलं, निर्धास्त झोप."

"हो."

मला वाटलं तो मारेल. त्याने कपाटावर ठेवलेलं मशीन उचललं, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. परत इथे येऊ नका." त्याच्या आवाजात शिवीही नव्हती.

मी वळलो तेव्हा श्रुतिका बोलली. माझ्याशी नाही, मॅडमशी. "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही गं," मॅडम म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

ती रडायला लागली. सासू उठली, जवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही अशी उभी राहिली. पुढचं मी बघितलं नाही.

बाहेर आल्यावर दिशाने मशीन माझ्या हातातून घेतलं, कारण मी ते घेऊन तसाच जिन्यात उभा होतो. मला ताई दिसत होती. तीन वर्षांपूर्वीची, वेसाव्याच्या सासरच्या घरात, भिंतीला टेकून, आजूबाजूला बायका. मीही तिथे होतो. तेव्हा मी काय बोललो होतो ते आठवायचा प्रयत्न केला. काहीच बोललो नव्हतो.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस ताईसमोर जातोय आणि पाणी पिऊन परत येतोय.

१९ फेब्रुवारी

कमिटीला लिहून दिलं. दिशाने वाचलं आणि एका वाक्यात "पट्टीची जागा" असा शब्द होता तो खोडला. तिने बोर्डवर पाच प्रश्न परत लिहिलेत. आता ते पुसायची माझी हिंमत नाही. प्रत्येक ब्लॉक पहिल्यापासून. कदाचित वर्ष लागेल. कदाचित त्यातून काहीच निघणार नाही, हेही आम्ही एकमेकांना स्पष्ट सांगितलं. ती राहतेय. का, ते मी विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी

सकाळी दिशाचा मेसेज आला की मुलुंडचं बाळ घरी गेलं. मॅडमनी कळवलं.

रविवार, त्यामुळे आई दुपारपर्यंत मासे विकायला बाजारातच होती. ताई तिथून लवकर आली आणि मागच्या दारी बोंबील साफ करायला बसली. मी पायरीवर बसलो. म्हटलं, "ताई, मी तुझी गोष्ट लोकांना सांगत होतो. मशीन दाखवताना."

"माहितेय."

"दिशाने सांगितलं?"

"नाय. वेसाव्यावरून कोणीतरी व्हिडिओ पाठवला. स्टेजवर तू कोट घालून." तिचे हात थांबले नव्हते. "दिवाळीच्या आधी."

म्हणजे चार महिने तिला माहीत होतं. मी तिच्या समोर बसून जेवत होतो.

"त्यात तू म्हणतोस, तिचा डोळा लागला."

मी पायरीची कड नखाने खरवडली.

"लागला होता," ती म्हणाली. "तीन रात्री जागी होते मी. टाके पिकले होते. ते नाय सांगितलंस."

"मला माहीत नव्हतं."

"कोणी विचारलंच नाय."

मला माफी मागायची होती. कसंबसं म्हटलं. तिने हूं केलं. ते स्वीकारलं की नुसतं ऐकलं ते मला कळलं नाही.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "मुलुंडला काय झालं? आई म्हणते मशीन बंद पडलं."

मी सांगितलं. बंद पडलं नाही, चालू होतं आणि खोटं बोलत होतं. लाटा, सपाट भाग, भागाकार. शेवट माहीत असताना मागचं बरोबर सांगणारं आणि चालू असताना आंधळं. तिला गणित नको होतं. पण ती ऐकत होती, मधे दोनदा म्हणाली, "हे परत सांग." श्रुतिकाबद्दल सांगितलं, तिची सासू काय म्हणत होती ते सांगितलं. तेव्हा ताईने सुरी खाली ठेवली.

"मग त्या दिवशी माझ्याकडे हे असतं तर?"

"वाजलं नसतं."

"आणि नीट केलेलं असतं तर?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे दोन वर्षं तयार होतं. स्टेजवर, ऑफिसांमध्ये, गार्गी मॅडमसमोर मी ते दिलंय. आज ते ओठांवर आलं आणि मी ते तपासून बघितलं. बाळाला नक्की काय झालं होतं ते मला ठाऊक नाही. किती वेळ गेला होता, ठाऊक नाही. कोणी वेळेवर पोहोचलं असतं का, ठाऊक नाही.

"माहीत नाही, ताई."

मला वाटलं तिला लागेल. ती बोंबलांकडे बघत राहिली.

"सगळ्यांना माहीत असतं," ती म्हणाली. "सासूला माहीत होतं. शेजारणींना. आपल्या आईला. मागाहून सगळ्यांना दिसतं. माहीत नाय असं कोणी म्हणालं नव्हतं मला."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही असे बसलो त्याला किती वर्षं झाली असतील.

"त्याला शिंक आली ना की तो घाबरायचा," ती म्हणाली. "स्वतःच्याच शिंकेला. असे हात करायचा." तिने हात करून दाखवले. बोटं पसरून, दोन्ही बाजूंना, कोणीतरी वरून सोडल्यासारखे.

मग ती बोलत राहिली. मी काही विचारलं नाही. मधे आई बाजारातून आली, पाटी उतरवायला हात द्या म्हणून तिने दोनदा हाक मारली. मग मागच्या दारापर्यंत आली, आम्हाला बघितलं आणि पाटी आपली आपणच उतरवून आत गेली.